पुंगळ्या

रविवारी दुपारी रेंज थंडावते.
मातीच्या बांधात शिसं मुकाट बसलेलं
आणि सिमेंटवर, गवतात, एकदा तर कुणाच्या डब्याच्या पिशवीत
पुंगळ्या.
मी वेचते. लोंढे मास्तर आता वाकत नाहीत,
खुर्चीतूनच काठी रोखतात,
ती बघ शेवंते, तगरीखाली.

दोनशे दिल्या, दोनशे परत.
वहीला हेच ऐकायचं असतं.

बोपोडीला, त्यांच्या गॅलरीत, पुढचं काम.
आधी बुडाची जळकी टोपी ठोकून काढायची.
आत खळगा, किडक्या दाढेसारखा काळा,
तो खरवडायचा हलक्या हातानं.
मग चिंच.
राखेचं नाव काढलं की मास्तर चिडतात,
"राख चरे पाडते. समई नाही ही तुझ्या आईची."
चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, पाणी कोमट,
फार वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं.
"जस्त निघून जातं बघ. मागं उरतं नुसतं तांबं,
आणि एकट्या तांब्याच्यानं दाब सोसवत नाही."
मास्तरीण गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.
मी पाणी बदललं.

वाळल्यावर सगळ्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये,
खडकी बाजारात जुना मिळालेला, बर्फाऐवजी
पौडच्या गिरणीतला भाताचा कोंडा.
हँडल मी मारते. खालची पोरं दर वेळी
वाट्या घेऊन जिना चढतात
आणि दर वेळी शिव्या देत उतरतात.

माना तापवायच्या त्या रात्री, दिवा घालवून.
उजेडात रंग फसवतो.
बारुदानं मारून मारून पितळ हट्टी होतं,
त्याला पुन्हा मऊ करायचं, पण मानेपुरतंच,
बूड पाण्यात उभं.
ज्योतीत मान अंधुक लालसर झाली रे झाली
की आडवी पाडायची, चुर्रर्र.

आणि शेवटी कान.
सदतीस वर्षं मास्तर कारखान्यात
तपासणीच्या बाकावर बसले.
पुंगळी वीतभरावरून पितळी थाळीत सोडायची.
धड असेल तर खणखणते.
चीर असेल, डोळ्याला न दिसणारी का असेना,
तर बद्द वाजते, तडकलेल्या माठासारखी.
"डोळा लाच खातो," म्हणायचे, "कान नाही."

त्या रविवारी ते टाकत होते, मी रचत होते.
खण. ठीक. खण. ठीक.
एकशे बारावी की तेरावी,
बद्द.
"ठीक," मास्तर म्हणाले.
माझ्याकडे सरकवली.

मी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.
ते पुढची उचलत होते, तोच डौल,
अंगठा आणि मधलं बोट, मान किंचित कलती
ज्या कानाकडे, तो कान
भिंतीकडच्या खुर्चीइतका रिकामा.
मी पुंगळी मोडीच्या डब्यात ठेवली,
टाकली नाही, ठेवली.

रचून झाल्यावर त्यांनी ओळी मोजल्या.
दहा दहाच्या एकोणीस, आणि नऊ.
"एक कुठंय?"
मी डब्याकडे बघितलं, बोलले नाही.
त्यांनी ती काढली, नाकाशी धरली,
मानेवरून नख फिरवलं एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा नख अडकलं.

खालच्या पोरांनी बॉल गटारात घातला होता,
त्यांचं भांडण वर येत होतं.
मला येत होतं.

"कशी वाजली?"
"बद्द."
"आँ?"
"बद्द, मास्तर!"
शेजारच्या डिसोझाबाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

मग त्यांनी थाळी माझ्या पुढ्यात ओढली
आणि पहिल्या ओळीपासून सगळ्या पुंगळ्या
पुन्हा पंचात ओतल्या.
"तू टाक. मी वही धरतो."

अंधार पडेतो टाकत राहिले. आणखी चार निघाल्या.
त्यांनी लिहिलं, चांगल्या एकशे पंच्याण्णव,
मोडीत पाच, मंगळवारी तांबट आळी,
आणि 'तपासणारा'समोर सही करता करता
पेन उचललं,
माझं आडनाव काय ते विचारलं.