आठवा अंक

बुधवारी सकाळी खोकी येतात.
मी पट्टी कापतो, पावतीवरून बोट फिरवतो
आणि दाराशी उभ्या असलेल्या तिघांकडे न बघताच
मान हलवतो.
नाही आला.

दुलुथमध्ये जानेवारी म्हणजे
सरोवरसुद्धा बोलायचं थांबतं.
माझ्या दुकानात मात्र हीटर, करपलेली कॉफी
आणि 'ग्रे हेरॉन'चं भिजत घोंगडं.

सातव्या अंकाच्या शेवटच्या पानावर
ती पुलावरून पडली.
पडली म्हणजे, पडते आहे.
एक बूट अजून कठड्याला, केस वर, खाली काळं पाणी,
कोपऱ्यात बारीक अक्षरांत : पुढील महिन्यात.
त्याला साडेपाच वर्षं झाली.

कांगस म्हणतो, कामचुकार आहे लेकाचा.
चौतीस वर्षं मी धक्क्यावर बोटी भरल्या,
एकही बोट माझ्या मूडसाठी थांबली नाही.
दुसरा चित्रकार आणा, उरकून टाका.

फिलिपा दातांच्या दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत येते,
मास्क हनुवटीखाली तसाच.
अर्धं रूट कॅनाल झाल्यावर
जबडा दुसऱ्याच्या हातात द्याल?
डॉक्टर साडेपाच वर्षं आला नाही तर देईन, कांगस म्हणतो.

मग ती पान उघडते.
हे रिवेट बघा. एका कमानीत चारशे अकरा.
मोजलेत मी. प्रत्येकाला स्वतःची सावली आहे.
कांगस कागदाला नाक लावतो.
चुकलंय. या जागी रिवेट नसतातच. बोल्ट असतात.

यात दोन बुधवार गेले.

एमेट पहिल्या अंकाला आला तेव्हा
दुधाच्या क्रेटवर चढून वरचा कप्पा गाठायचा.
आता आवाज फुटलाय, आणि दर आठवड्याला नवा सिद्धांत :
ती तिसऱ्या अंकातच मेली. पडते ती तिची बहीण.
चित्रकाराचा हात मोडला. घटस्फोट झाला.
तो मेंढ्या पाळतो, आयडाहोत, कुणीतरी पाहिलंय.
मी गल्ल्यामागे गप्प.
दुकानदाराला मत परवडत नाही.
पण जे गाव सोडून गेले त्यांच्याही कप्प्यांवर
माझी पेन्सिल आहे : आठवा, एक प्रत.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला त्या आठवड्यात
खोक्याच्या तळाशी तो निघाला.
चाळीस प्रती. हाताला हलक्या लागल्या.

बावीस पानं,
आणि ती अजून पडतेच आहे.
पहिल्या पानावर बूट कठड्यावरून सुटतो.
नवव्यावर कोटाचं बटण तुटतं, तिच्याआधी खाली जातं.
बाविसाव्यावर नुसते डोळे, डोळ्यांत पाणी,
म्हणजे नदीचं.
कोपऱ्यात : पुढील महिन्यात.

एमेट इतका हसला की त्याला बसावं लागलं.
मग म्हणाला, बटण! बटणाचा काहीतरी अर्थ आहे,
आणि झालं सुरू.

कांगस स्टुलावर होता.
एव्हाना त्याच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती.
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती,
त्याबद्दल तो कुणालाच कामचुकार म्हणाला नव्हता.
वाच, तो म्हणाला.
वाचायला काही नाही, फिलिपा म्हणाली, शब्दच नाहीत.
मग सांग.

कोट न काढता तिने सांगायला घेतलं.
चौकटीमागून चौकट. वारा कुठून, हात कसे,
हातमोज्याची शिवण कुठे उसवली.
दवाखान्यातून फोन आला, तिने घेतला नाही.
मी पाटी फिरवली : दुकान बंद.

चौदाव्या पानाशी त्याने हात वर केला.
पूल दिसतो का तिथून?
दिसतो.
आणि रिवेट?

ती पानावर वाकली. बराच वेळ.
बोल्ट आहेत, कांगस, ती म्हणाली.
सगळे बोल्ट.

तो मागे टेकला, नाकातून हुं केलं,
बोट जागेवर लागल्यावर माणूस करतो तसं.

माझी प्रत गल्ल्यावरच होती.
मी चौदावं पान उघडलं नाही.