शेवटचा बाक, वेंगुर्ला

खाऱ्या वाऱ्यानं जॅक पुन्हा हिरवे पडलेत.
जुन्या टूथब्रशनं घासतो, फुंकर मारतो.
हॅलो, हॅलो.
रिकामी इगर्ज ते तीनदा परत करते;
माणसं बसली की गिळेल.

फादर कुटिन्हो माइक तोंडात घालतात,
कॉयरमधली रेजिना माइकला बिचकते.
दोघांच्या मधे माझं एक बोट.
कुणी मागे वळून पाहिलं
की समजायचं, चुकलो.

शेवटच्या बाकावर इनास तांडेल.
चाळीस वर्षं इंजिनाशेजारी, कान कधीच गेले.
तळवा बाकाच्या लाकडावर टेकवून बसतो,
प्रवचन लांबलं की काढून घेतो.

आज ऑर्गनचा खालचा सूर
मी केसभर वर सरकवला.
गरज नव्हती. कुणाला कळलंही नाही.

त्याचा अंगठा हलला.