वाक्यात उपयोग करा

पाऊस हेवी असतो, वारा मात्र स्ट्राँग.
चहाही स्ट्राँग. ट्रॅफिक पुन्हा हेवी.
"काहून?" मागच्या बाकावरून भोजराज निखारे विचारतात,
बोटात अँब्युलन्सची किल्ली फिरवत.
"वजनाचा काही नियम हाय का, मॅडम?"

नियम नाही, मी म्हणते. जमलेलं असतं त्यांचं.
आपल्याकडे चहा कडक, इस्त्री कडक,
नोट कडक, साहेब कडक,
पत्रिका कुणी पाहिली होती?

वर्ग हसतो.
गोळीबार चौकातली ही माडी, मे महिना,
कूलरच्या टाकीत पाणी तळाला गेलेलं.
खाली गल्लीतला शेवटचा माग अजून चालतो,
खटक् खटक्,
त्याच्या ठेक्यावर मी फळ्यावर लिहिते:
मेक अ मिस्टेक. डू होमवर्क.
चूक मेक करायची, गृहपाठ डू करायचा.
उलटं केलंत की लगेच ओळखू येता.

निखारे बावन्न वर्षांचे.
नव्या गाडीवर इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर पाहिजे,
हॉस्पिटलने सहा महिने दिलेत.
वडील पातळं विणायचे. तुटला धागा असा जोडायचे
की बोट फिरवूनही कळू नये.
"सांधा दिसला की शेठ पातळ वापस करे," ते सांगतात.

कॅच अ कोल्ड, मी म्हणते. सर्दी ते लोक पकडतात.
"अन् ऊन? आपल्याले तर ऊन लागते.
काल दोघांले आणलं मी.
एकाच्या खिशात कांदा होता. तरी लागलं."
मी सनस्ट्रोक लिहिते.
ते उतरवून घेतात, पण मान हलवत नाहीत.
हा तर आजार झाला. ऊन कुठं गेलं?
खरंच, आपल्याला सगळं लागतंच:
भूक, झोप, ठेच, उचकी,
एखाद्याला नोकरी, एखाद्याला लळा.
एकाच क्रियापदात किती जणांचा संसार.

रात्री वह्या तपासते. निखाऱ्यांची वाक्यं:

पे अटेन्शन. नोबडी इज पेइंग अटेन्शन टू सायरन.
मेक रूम. पीपल मेक रूम फॉर मिनिस्टर.
फॉर माय व्हॅन दे मेक व्हिडिओ.
लूज होप. आय डू नॉट लूज होप बिफोर मेडिकल चौक.
कीप क्वाएट. आफ्टर अजनी ब्रिज
पेशंट इज कीपिंग क्वाएट.

इज कीपिंगवर मी काट मारली, वर केप्ट लिहिलं.
मग पेन बाजूला ठेवून
पाणी प्यायला उठले.

ब्रेक द न्यूज. पुढे कोरी ओळ.

"नाही जमलं," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.
"आपल्याकडे बातमी फुटली म्हणजे कोणी तरी चहाडी केली.
पेपर फुटते, घागर फुटते.
हे लोक मरणाची बातमी आपल्या हातानं फोडतात?"
हळूच फोडतात, मी म्हणाले.
माझंच मला पटलं नाही.
"मी नाही फोडत. आरशात पाहतो.
मागं बाई पाय चोळून राहिली असते नवऱ्याचे.
चोळू देतो.
सायरन बंद नाही करत. बंद केला की तिले समजते."

कूलर तेवढ्यात कोरडा फिरायला लागला,
कुणीतरी बादली आणायला धावलं.
मी फळा पुसला. तास संपायला
दहा मिनिटं होती अजून.

शुक्रवारी वही आली. कोरी ओळ भरलेली,
अक्षर गाडी चालताना काढल्यासारखं:

आय डिड नॉट ब्रेक द न्यूज.
आय ड्रोव्ह इट.

जोडी चुकली आहे. न्यूज कुणी ड्राइव्ह करत नाही,
कुठल्याच पुस्तकात नाही.
सांधा लांबून दिसतो.

मी लाल पेनला टोपण लावते.