बफर

कुबेर मगदूमचा कीबोर्ड पुरात गेला.
खणभागातल्या घरी, वर नेऊ, वर नेऊ म्हणेपर्यंत
पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला.
नंतर उन्हात वाळवला, तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला,
काळ्या पट्ट्यांखालून महिनाभर गाळ निघत राहिला.
शेवटी भंगारवाल्यानं वजनावर नेला.

उरला पेनड्राइव्ह. हाफ चड्डीच्या खिशात होता म्हणून.
त्यात त्रेचाळीस फाइली,
वरातीच्या, हळदीच्या, एक गणपतीची,
आणि एकीचं नाव नुसतंच 'नवीन२'.
सगळ्या मिळून एका फोटोपेक्षा हलक्या.

मी म्हटलं, बाबा, यात आवाज नसतो.
यात एवढंच असतं:
कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली.
पूर्वी सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे बघ, तसं.
भाव कळतो. हळद दिसत नाही.

"मग हळद आण की," तो म्हणाला.

हळद म्हणजे साउंडफॉन्ट.
एकशे चाळीस एमबी, रात्रभर उतरत होता
मार्केट यार्डामागच्या माझ्या खोलीत,
पतसंस्थेच्या लिलावात घेतलेल्या कॉम्प्युटरवर.
त्याच्या पाठीवर अजून चिठ्ठी आहे: कर्ज विभाग, हात लावू नये.
विंडोज त्याला पेलेना, म्हणून लिनक्स चढवलं.

पहिल्या रात्री फ्लुइडसिंथ म्हणालं, सगळं ठीक आहे,
आणि काही वाजलं नाही.
दुसऱ्या रात्री कळलं, वाजत होतं,
पण मॉनिटरच्या तारेतून, ज्या मॉनिटरला स्पीकरच नाही.
तिसऱ्या रात्री पोर्टांची यादी काढली,
एकशे अठ्ठावीस, शून्य,
तिथं फाइल सोडली
आणि रखवालदाराचं कुत्रं उठून बसलं.

ढोलकी नव्हती. यादीभर शोधली.
बोंगो होता, टिंबाल होता, गाईच्या गळ्यातली घंटाही होती,
ढोलकी कुणी घातलीच नव्हती.
बोंगोवर भागवलं. वरात जरा परदेशी झाली.

पण धैवत उशिरा यायचा.
दर वेळी, त्याच वळणावर, केसभर मागे.
बफर एक हजार चोवीसवरून पाचशे बारावर आणला,
दोनशे छप्पन्न,
चौसष्टवर आवाज लाह्यांसारखा फुटायला लागला.
ऑडिओच्या गटात स्वतःचं नाव घातलं,
अग्रक्रम वाढवला, वायफाय बंद केलं, पंखासुद्धा बंद केला.
बफर थांबवतो तर सगळ्याच सुरांना सारखं थांबवतो,
एकट्या धैवताला नाही,
हे मला पहाटे चारपर्यंत सुचलं नाही.

रविवारी कुबेर आला, केसांत पॉलिशची पिवळी धूळ.
उभ्यानंच ऐकलं. बोंगोला हसला.
धैवत आला तसा हसायचा थांबला.

"त्या बफरला कशाला बोल लावतोस.
त्यो उशीर माझा हाय."
आणि करंगळीशेजारचं बोट वर केलं,
गोडाऊनच्या शटरखाली सापडलेलं, सांध्यात न वाकणारं.
"हे चौघांच्या मागनं येतंय.
मला वाटायचं, बेंजोच्या गलक्यात कुणाला कळत नसंल."

मी फाइल उकलून आकडे दाखवले.
बाकीची बोटं नव्वद, पंच्याण्णव, एकशे दोन.
धैवत एक्केचाळीस. पुन्हा एक्केचाळीस. एकोणचाळीस.
तो पडद्यावर वाकून
गावाकडच्या माणसाचं नाव मतदार यादीत शोधावं
तसा ओळीवर ओळ उतरत गेला.

म्हटलं, सरळ करून देऊ का?
सगळे सूर ठोक्यावर बसतील. मिनिटाचं काम आहे.

बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिला, कर्ज विभाग, हात लावू नये.
मग म्हणाला,
"वरातीच्या कर सगळ्या. लोकांचं लगीन असतंय.
ती 'नवीन२' तेवढी ऱ्हाऊ दे."

ती कुणासाठी होती, मी विचारलं.

"चहा टाक," म्हणाला, "आणि पंखा लाव आता."