बी बाजू

लेबलवर छापून आलं : अच्युत पाटनी.
पोतनीस कलकत्त्यापर्यंत पोचलेच नाहीत,
वाटेत कुणीतरी आम्हाला जैन करून टाकलं,
आणि वडलांना तेवढंच बरं वाटलं.

ए बाजूला भावगीत, सनईसकट, सभ्य.
कंपनीची अटच तशी.
बी बाजूला दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद
'चकमक'.

विलायतेत तेव्हा पुरुष काजळ घालून गात होते,
चंदेरी कपड्यांत, टाचा वीतभर.
महूच्या लेस्ली पिंटोकडे फोटो होते,
घडी पडून पडून एकाचं नाकच गेलेलं.
अच्युतनं ते माझ्या मशीनवर ठेवले :
असं शिवता येईल?

शीतलामाता बाजारातून पाव किलो टिकल्या आणल्या.
लग्न कुणाचं, बेटी? दुकानदारानं विचारलं.
भावाचं, म्हटलं.
जाकिटाला लावल्या, कॉलरला लावल्या,
उरलेल्या सरसानं त्याच्या गालावर.
नत्थूलालनं बुटाला ट्रकच्या टायरचे तीन थर ठोकले
आणि हळूच म्हणाला,
एक पाय आखूड असेल तर समजू शकतो,
पण दोन्ही?

रेकॉर्डिंग मालवा मिलजवळच्या शाळेत, मेच्या सुट्टीत.
खिडक्यांना गाद्या, पंखे बंद, मशीन तासाच्या भाड्यानं.
लेस्ली म्हणाला, ड्रम एकटा पडतोय.
म्हणून आम्ही नऊ जण स्टेजच्या फळ्यांवर
खडावा घालून नाचलो.
चौथ्या टेकला माझी खडाव निसटली,
फळीतला खिळा अंगठ्यात.
मी ओरडले,
आणि नेमका तीनच्या पाळीचा भोंगा झाला.
आरोळी आणि भोंगा, एकाच सुरात,
मी संपले तरी तो चालूच.
लेस्लीनं काठी वर धरली. कुणी हललं नाही.
तोच टेक गेला.

पाचशे तबकड्या. तीनशे सत्तर आमच्याच पलंगाखाली.
मग रंगपंचमीला, टोरी कॉर्नरवर
गेरच्या एका उभ्या ट्रकवर,
ए बाजूवरची सनई एकाच जागी अडकली.
ट्रकवाल्यानं शिवी देत तबकडी उलटी केली.

त्या दिवशी माझ्या आरोळीवर
अख्खा रस्ता ओरडला, तोंडात गुलाल जाईस्तोवर.
मी वरच्या गच्चीत होते, पिंप भरत.
कुणाला सांगणार?

पुढे सराफ्यात, गराडूच्या कढईशेजारी
रात्री दोनपर्यंत तेच.
पोरं बहिणींकडे काजळ मागायला लागली.
कंपनीनं मनिऑर्डर धाडली, त्र्याऐंशी रुपये,
पाटनींच्या नावे.
पोस्टमन आम्हाला जन्मापासून ओळखायचा,
तरी सही दोनदा करून घेतली.

दुसरी तबकडी निघाली नाही.
लेस्ली पर्थला गेला.
अच्युत विद्युत मंडळात चिकटला, भांग पाडायला लागला.
गालावरचा सरसाचा व्रण
सुनेला देवीचा वाटतो. तो वाटू देतो.
जाकीट मी एका बॅण्डवाल्याला विकलं, तीस रुपयांना.
धून तो फुकटात घेऊन गेला,
हे मला यंदाच्या मार्गशीर्षात कळलं.

रामबागेत आमच्या दाराशी वरात थांबली.
ढोलावर आधी त्या नऊ खडावा आल्या.
मग कॉर्नेटवाल्या विशीतल्या पोरानं गाल फुगवून
माझी आरोळी वाजवली,
शेवटाला घसरते तिथे घसरवून,
आणि खालून ट्रॉम्बोननं भोंगा लांबवला.
मिलच्या जागी आता बाभळी आहेत,
त्या पोरानं भोंगा ऐकला असणं शक्य नाही.

कुठलं रे गाणं?
गाना नहीं है अम्मा, धुन है.
उस्ताद से आई. उनको उनके उस्ताद से.

वीस रुपये दिले. त्यानं पुन्हा वाजवलं,
आता जरा जास्तच जोरात, मला खूश करायला.

अर्धा सूर खाली घे, मी म्हटलं.
खिळा छोटा होता.