पार्ट यायला वेळ लागेल

तन्वीर सोलकरने दोन्ही गाड्या एकाच दिवशी आणल्या.
निळी, अकरा वर्षांची, पोटाखाली खाऱ्या वाऱ्याने चाटलेली.
आणि नवी, ओल्या कातळाच्या रंगाची,
सीटवरचं प्लास्टिकही अजून तसंच.
"मयेकर, दोन्ही चालव, आणि सांग
पैसे पाण्यात घातले की नाही."
त्याच्या सुट्टीचे नऊ दिवस उरले होते.
मग परत जहाज, परत दोहा.

नवीचं नाकाडं रुंद केलंय.
बॉनेटवर हवा गिळायचं भोक,
माझी मूठ आत जाऊन वर चहाचा ग्लास मावेल एवढं.
दिवे बारीक, दुपारच्या समुद्राकडे बघताना
डोळे होतात तसे.
मागचा पंख खाली आणलाय
(जुनीच्या पंखावर राजिवड्याची पोरं
बोंबील वाळत घाला म्हणायची).
चाळीस किलो कमी, तीस घोडे जास्त,
मागच्या चाकांना ताकद आता
कॉम्प्युटर वाटून देतो, वळण बघून.
तन्वीर सगळं पाठ म्हणून दाखवत होता.
बाराचा पाढा त्याला दहावीपर्यंत आला नव्हता.

आधी नवी काढली.
साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे-वारेची चढण.
डाव्या वळणावर कुठल्याशा डंपरने
जांभ्याची खडी सांडलेली.
पुढचं चाक सुटतंय असं वाटेपर्यंत
मागच्या दोघांनी ओझं उचललेलं होतं.
होडी वाळूवर ओढताना असंच असतं,
एकाचा पाय रुतला
म्हणून बाकीचे तिघे थांबत नाहीत.
आणि पाय दाबला की गाडी पुढे.
मधे काहीच नाही.
खाली समुद्र होता, तो मी पाहिलाच नाही.

मग तोच रस्ता, जुनीतून.
पाय दाबला.
थांबलो.
काटा दोन हजारांवर रेंगाळला,
सुरूची तीन झाडं सावकाश मागे गेली,
मग कुठूनतरी ती बारीक शिट्टी
आणि पाठीत धक्का.

बाबा असे बोलायचे.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनावर.
धक्क्यावर उभं राहून सांगायचे
येणाऱ्या बोटीचा कुठला नोझल गळतोय,
म्हणजे सांगायला सुरुवात करायचे.
पहिलं अक्षर ओठाशी यायचं आणि अडायचं.
आम्ही थांबायचो.
आईने त्यांचा शब्द कधी पुरा केला नाही,
आम्हालाही करू दिला नाही,
घाईत असलो तरी, शाळेची घंटा वाजत असली तरी.
सुटला की मात्र एवढ्या जोरात यायचा
की मिरकरवाड्यात मासळी मोजणाऱ्या बायका
मोजणी विसरायच्या आणि शिव्या द्यायच्या.

परत आलो तर तन्वीर
गॅरेजच्या दारात टायरवर बसलेला.
"नवी चांगली आहे," म्हटलं.
"स्टिअरिंग थोडं हलकं केलंय त्यांनी, रस्ता हाताला कळत नाही.
बाकी पैसे वसूल."
खरंच होतं ते. काय खोटं बोलायचं.

"मग निळीचंही ते काढून टाक," तो म्हणाला,
"ते दम खाणं. छोटा टर्बो बसव,
पटकन फिरणारा. धाकट्याला देतोय ती,
त्याला कशाचाच धीर नाही."

"होईल. पण पार्ट यायला वेळ लागेल."

पार्ट माझ्या मागच्या फळीवर होता,
कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने न नेलेला,
खोक्यासकट, वर पालीची लेंडी.
मी हात पुसत राहिलो.
पुसलेला हातच परत पुसला.

"किती वेळ?"

मी तोंड उघडलं.
आकडा ओठापर्यंत आला
आणि तिथेच राहिला.

"पंधरा दिवस?" तन्वीरच म्हणाला. "चालेल."
आणि नवीत बसून गेला,
एवढ्या चटकन,
की धूळ उठली तेव्हा
तो वळणापलीकडे होता.