नाई

हम्माजोडा आला तेव्हा त्याच्याजवळ
नागपूरच्या पशुवैद्यक कॉलेजची चिठ्ठी होती, एक मोजपट्टी,
आणि रेनकोट. चैत्रात.
कारंज्याच्या पुढं, जंगलखात्याच्या चराला लागून
पैकू गवळ्याचा गोठा.
मी दूध संकलन केंद्रावर फॅट लावते,
बारावीपर्यंतचं इंग्रजी येतं,
म्हणून मला मध्ये बसवलं.

पैकूनं नाव ऐकलं आणि निम्मंच ठेवून घेतलं.
"ये जोडाभाऊ. टेक."

तो वशिंड मोजायचा, छाती, शिंगांमधलं अंतर,
आकडा सांगायचा, मी लिहायची.
मधेच गायीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा.
काय म्हणतोस तिला?
म्हणाला, माझी भाषा. फुलफुलदे.
नागपुरात कोणी भेटत नाही बोलायला.
आईचा फोन शुक्रवारी लागतो,
तेवढ्यात आठवड्याचे शब्द संपत नाहीत.
उरलेले हिला.

फुलफुलदे, फुलफुलदे.
पैकूनं पानासारखं तोंडात घोळवलं.
"नाव फुलाचं हाय, पन आत ढोरंच असन."
ढोरंच होती.

गिरजीनं ताटात ज्वारीची भाकर टाकली.
तो हरखून म्हणाला, गवरी!
"गवरी चुलीत हाय बाप्पा," ती म्हणाली,
"आमी इतके गरीब नाई."
मला दोघांनाही समजावता येईना,
हसूच आवरत नव्हतं.
त्याच्याकडं ज्वारीलाच गवरी म्हणतात.
बैलांना म्हणतात गाऽइ.
आणि गायींना?
नाऽइ, तो म्हणाला.
ना आणि इच्या मध्ये घशात एक बारीकसा चर,
तो ओलांडायला मला दोन दिवस लागले.
पैकूला जमलंच नाही. तो सरळ नाई म्हणायचा.

रात्री त्यानं सांगितलं,
त्याच्या भाषेत प्रत्येक नामाला दावण असते.
माणसं एका दावणीला, झाडं दुसऱ्या,
पाणी, दूध, तूप, जे जे वाहतं ते वेगळ्या.
आणि एक दावण अशी
की तिथं गाय बांधलीय, सूर्य बांधलाय आणि विस्तव.
बाकी फार कोणी नाही.
व्याकरण हा शब्द न वापरता मी हे पैकूला सांगितलं.
तो चुलीकडं बघत राहिला, इतका वेळ
की मला वाटलं, ऐकलंच नाही.
मग म्हणाला, "बराबर बांधलं."

शुक्रवारी फोन लागला. त्यानं आवाज मोठा केला.
जाम बंदू ना? जाम सारे ना?
पलीकडून आई विचारत होती, हा उत्तर देत होता,
जाम, जाम, जाम.
"थे जामं इचारते का?" गिरजी म्हणाली,
"उन्हायात कुठचे जाम?"
अंगाला शांती आहे ना, मी म्हटलं, घराला शांती आहे ना.
"तो ना तं आपलाच हाय," ती म्हणाली.
मग आई आणखी काही बोलली
आणि जोडाभाऊ गप्प झाला.
विकल्या, एवढंच त्यानं मला सांगितलं.
वाटेवर शेतं आली, कुंपणं आली,
धाकटा भाऊ आता मोटरसायकलवर माणसं वाहतो.
त्याला रंगावरून गाय ओळखायचे शब्द येत नाहीत.
पैकूनं काय झालं ते विचारलं नाही.
त्याचाही नातू कोंढाळीला कंपनीत आहे.

जोडाभाऊ गेला. रेनकोट विसरला,
तो गिरजीनं कडब्यावर टाकलाय.

परवा पशुगणनेचा माणूस आला,
हातात टॅब, गाडी चालूच ठेवलेली.
गायी किती?
पैकू चराकडं बघत होता,
जिथून पूर्वी नव्वद उतरायच्या.
"नाई," म्हणाला.
त्या माणसानं शून्य दाबलं.
मी म्हटलं, थांबा. अकरा.
मला मध्ये बसायची सवय लागली होती.